ज्युनियर टेनिसपटूंचे निकाल आणि क्रमवारी: नोंद कशी ठेवावी आणि चुका नेमक्या कुठे होतात

परभणीतील एका ओळखीच्या घरात जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पेढे वाटले गेले, कारण त्यांच्या मुलीचा आंतरराष्ट्रीय ज्युनियर क्रमांक एका झटक्यात बराच वर सरकला होता. डिसेंबरात ती आजारपणामुळे एकही सामना खेळलेली नव्हती, हे त्या आनंदात कोणाच्या लक्षातच आले नाही. क्रमांक का वर गेला याचे उत्तर सहाव्या टप्प्यात येईलच. येथे एवढेच नोंदवतो की मराठवाड्यातील पालक, क्रीडाशिक्षक आणि हौशी टेनिसप्रेमी यांच्याकडून होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: ते आधी क्रमांक पाहतात आणि मग त्याला शोभेल असा अर्थ शोधतात. खालील टप्पे उलट दिशेने लावलेले आहेत. आधी खेळाडू, मग स्पर्धा, मग ड्रॉ (कोणाचा सामना कोणाशी, याचा तक्ता), मग निकाल, मग गुण आणि सर्वांत शेवटी क्रमांक. हा क्रम मोडला की पुढची प्रत्येक नोंद संशयास्पद होते.

सुरुवातीची तयारी

एक जाड वही किंवा मोबाइलमधील स्प्रेडशीट पुरेशी आहे. मी स्वतः वही वापरतो, कारण क्रीडा संकुलाच्या कट्ट्यावर उन्हात मोबाइलचा पडदा नीट दिसत नाही. प्रत्येक खेळाडूसाठी स्वतंत्र पान ठेवावे आणि त्यावर पुढील रकाने आखून घ्यावेत: स्पर्धेच्या आठवड्यातील सोमवारची तारीख, शहर, स्पर्धेचा दर्जा, वयोगट, एकेरी की दुहेरी, गाठलेली फेरी, प्रतिस्पर्धी, स्कोअर, मिळालेले गुण आणि ते गुण गळून पडण्याची, म्हणजे ५२ आठवड्यांनी बेरजेतून बाहेर जाण्याची, तारीख. हा शेवटचा रकाना बहुतेकांच्या वहीत नसतो आणि नेमका त्याच्याच अभावी पुढे गोंधळ होतो.

वहीच्या पहिल्या पानावर ज्या नियमपुस्तिकेच्या आधारे तुम्ही गुण लिहिणार आहात तिचे वर्ष लिहावे. गुणांचे तक्ते बदलतात. आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धांची जुनी 'ग्रेड ५' ते 'ग्रेड ए' ही नावे २०२३ पासून गेली आणि त्यांच्या जागी 'जे-३०' ते 'जे-५००' ही नावे आली, तरी आपल्याकडील कित्येक प्रशिक्षक अजून बोलताना 'ग्रेड फाइव्ह' म्हणतात. वहीत मात्र नवे नावच लिहावे.

टप्पा १: कोणती यादी पाहायची ते आधी ठरवा

'रँकिंग किती?' हा प्रश्न ज्युनियर टेनिसमध्ये अपुरा आहे, कारण एकाच मुलाचे किंवा मुलीचे एकाच वेळी चार-पाच क्रमांक असू शकतात.

पहिली यादी अखिल भारतीय टेनिस संघटनेची, म्हणजे सर्वजण जिला 'आयटा' म्हणतात तिची. ती १२, १४, १६ आणि १८ वर्षांखालील अशा वयोगटांसाठी, मुलांची आणि मुलींची वेगवेगळी असते. तेरा वर्षांची मुलगी १४ वर्षांखालील गटात वरच्या स्थानी आणि १६ वर्षांखालील गटात खूप खाली असू शकते, आणि हे दोन्ही क्रमांक खरे असतात. दुसरी यादी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, म्हणजे आयटीएफची. तिच्यात १३ वर्षे पूर्ण झाल्यापासून वयाची १८ वर्षे ज्या वर्षी पूर्ण होतात त्या वर्षाच्या अखेरपर्यंतचे सर्व खेळाडू एकत्र असतात. त्यामुळे चौदा वर्षांचा मुलगा तिथे अठरा वर्षांच्या मुलांबरोबर मोजला जातो. तिसरी आशियाई टेनिस महासंघाची १४ वर्षांखालील यादी. याशिवाय राज्य पातळीवर महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेच्या स्पर्धा असतात.

शालेय स्पर्धांचा गोंधळ सर्वांत मोठा आहे. क्रीडा विभागामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धांचे वयोगट १४, १७ आणि १९ असे आहेत, आयटाचे १२, १४, १६, १८ असे. शालेय स्पर्धा जिल्हा, मग विभाग, मग राज्य अशा पायऱ्यांनी जातात, आणि मराठवाड्यातील खेळाडू छत्रपती संभाजीनगर किंवा लातूर विभागातून खेळतात. तिथे विभागीय विजेतेपद मिळवणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते, आयटाच्या क्रमवारीतील गुण मिळत नाहीत. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी ते प्रमाणपत्र महत्त्वाचे आहे, म्हणून त्याची नोंद ठेवावी, पण वेगळ्या पानावर.

आता दोन आकडे असे, ज्यांना लोक क्रमांक समजतात आणि जे क्रमांक नाहीत. यूटीआर हा खेळाच्या पातळीचा आकडा १ ते १६.५० या पट्टीवर असतो आणि तिथे मोठा आकडा चांगला. आयटीएफचा वर्ल्ड टेनिस नंबर ४० पासून १ पर्यंत उतरत जातो आणि तिथे लहान आकडा चांगला. एकाच मुलीचा यूटीआर ६ आणि वर्ल्ड टेनिस नंबर २५ असेल तर 'सहावी' किंवा 'पंचविसावी' असे म्हणण्याला काहीही अर्थ नाही.

सावधान: वहीत नुसता आकडा कधीही लिहू नये. आकड्यापूर्वी यादीचे नाव, वयोगट आणि तारीख लिहावी, उदाहरणार्थ 'आयटा, मुली १४ वर्षांखालील, अमुक सोमवार'.

टप्पा २: खेळाडूची ओळख पक्की करा

नावावरून शोधणे ही सवय सोडावी. आयटाकडे नोंदणी केलेल्या प्रत्येक खेळाडूला नोंदणी क्रमांक असतो आणि तो क्रमवारीच्या यादीत नावाशेजारी छापलेला असतो. आयटीएफच्या स्पर्धांसाठी 'आयपिन' नावाचा स्वतंत्र ओळख क्रमांक घ्यावा लागतो. आयटाचा क्रमांक आयटीएफच्या प्रवेशासाठी चालत नाही आणि आयपिन आयटाच्या स्पर्धेसाठी पुरत नाही.

नावांचा घोळ आपल्या भागात विशेष होतो. आपण मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा क्रमाने लिहितो. नोंदणी करताना कोणी तिन्ही नावे भरतो, कोणी दोनच, कोणी आडनाव आधी. रोमन लिपीत तर 'जाधव' हे आडनाव दोन-तीन प्रकारे लिहिले जाते, 'चव्हाण' त्याहून अधिक प्रकारे. लातूरच्या एका मुलाचे निकाल मी चार महिने अपुरे नोंदवत होतो, कारण त्याच्या नावातील एक अक्षर आयटाच्या यादीत आणि आयटीएफच्या यादीत वेगवेगळे होते आणि मी एकाच स्पेलिंगने शोधत होतो. चूक माझीच होती.

गावांच्या नावांनीही फसगत होते. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव यांची जुनी नावे जुन्या ड्रॉमध्ये आणि जुन्या फॅक्टशीटमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या माहितीपत्रकात, तशीच आहेत, त्यामुळे मागील वर्षांचे निकाल शोधताना दोन्ही नावांनी शोधावे. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे, हे विसरू नये. राष्ट्रीय यादीत खेळाडूच्या नावापुढे जिल्हा नसतोच, फक्त राज्याचे संक्षिप्त रूप असते. 'मराठवाड्यातील खेळाडू' अशी चाळणी कोणत्याही यादीला लावता येत नाही. ती तुम्हालाच स्थानिक माहितीवरून तयार करावी लागते.

तपासणी: नाव, नोंदणी क्रमांक आणि राज्य या तीन गोष्टी जुळल्याशिवाय एकही निकाल वहीत उतरवू नये. दोन जुळल्या आणि तिसरी जुळली नाही, तर पेन्सिलने लिहावे.

टप्पा ३: स्पर्धेचा दर्जा आणि प्रवेश यादी वाचा

'राष्ट्रीय स्पर्धेत उपांत्य फेरी' ही बातमी ऐकली की पहिला प्रश्न दर्जाचा विचारावा. आयटाच्या ज्युनियर स्पर्धांची चढती भाजणी साधारण अशी आहे: टॅलेंट सीरिज, चॅम्पियनशिप सीरिज, सुपर सीरिज, नॅशनल सीरिज आणि सर्वांत वर राष्ट्रीय अजिंक्यपद. या प्रत्येकाला गुण वेगळे आहेत. नॅशनल सीरिजमध्ये दुसऱ्या फेरीत हरलेली मुलगी खालच्या दर्जाच्या विजेतीपेक्षा सरस खेळलेली असू शकते, पण बातमीत तिचे नाव येत नाही. आयटीएफकडे जे-३०, जे-६०, जे-१००, जे-२००, जे-३००, जे-५०० आणि ज्युनियर ग्रँडस्लॅम अशी उतरंड आहे. नावातील आकडा म्हणजे एकेरीच्या विजेत्याला मिळणारे गुण, आणि ज्युनियर ग्रँडस्लॅमच्या विजेत्याला १००० गुण मिळतात.

दर्जा, वयोगटासाठीची जन्मतारखेची अट, कोर्टचा प्रकार, चेंडू, सामन्यांचे स्वरूप आणि नाव मागे घेण्याची मुदत ही सगळी माहिती फॅक्टशीटमध्ये असते. ती दोन पानांची असते आणि लोक ती वाचत नाहीत.

त्यानंतर प्रवेश यादी. तिचे तीन भाग असतात: मुख्य फेरीत थेट प्रवेश मिळालेले, पात्रता फेरीत असलेले आणि प्रतीक्षेत असलेले म्हणजे 'अल्टरनेट'. नाव यादीत दिसले की प्रवेश मिळाला असे समजून नांदेडच्या एका कुटुंबाने सचखंड एक्स्प्रेसची तीन तिकिटे काढली होती. मुलाचे नाव अल्टरनेटमध्ये बरेच खाली होते, आणि दिल्लीत पोहोचल्यावर त्याला एकही सामना न खेळता परतावे लागले. यादीतील नाव कोणत्या शीर्षकाखाली आहे हे आधी पाहावे आणि त्यानंतर तिकिटाचा विचार करावा. नाव मागे घेण्याची अंतिम मुदत उलटेपर्यंत ही यादी हलत राहते, म्हणून तिची नोंद तारखेसह करावी.

आयटीएफच्या मुदती ग्रीनिच वेळेनुसार दिलेल्या असतात. दुपारी २ ही ग्रीनिच वेळ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात.

टप्पा ४: ड्रॉ वाचायला शिका

हा टप्पा सर्वांत अधिक वेळ मागतो आणि तो वेळ दिल्यास पुढचे काम निम्मे होते.

सुरुवात एका शब्दापासून करू. मराठी वर्तमानपत्रे 'मानांकन' हा शब्द सीडिंगसाठी आणि 'क्रमवारी' हा शब्द रँकिंगसाठी वापरतात, परंतु वाचताना दोन्ही एकच वाटतात. 'अव्वल मानांकित' म्हणजे त्या एका स्पर्धेत आलेल्या खेळाडूंमध्ये क्रमवारीनुसार सर्वांत वरचा. तो देशात पहिला असतोच असे नाही. छोट्या स्पर्धेत देशातील तीनशेव्या क्रमांकाचा मुलगाही अव्वल मानांकित असू शकतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी सत्कार समारंभांतील निम्मी अतिशयोक्ती आपोआप टळेल.

३२ जणांच्या ड्रॉमध्ये साधारणपणे ८ मानांकित असतात, ६४ जणांच्या ड्रॉमध्ये १६. पहिला मानांकित सर्वांत वरच्या ओळीत आणि दुसरा सर्वांत खालच्या ओळीत असतो, म्हणजे ते दोघे फक्त अंतिम सामन्यातच भेटू शकतात. तिसरा आणि चौथा यांची जागा चिठ्ठी काढून ठरते, एक वरच्या अर्ध्या भागात आणि एक खालच्या. बिगरमानांकित खेळाडूंना कोणत्याही ओळीत टाकले जाऊ शकते. आपल्या मुलीची गाठ पहिल्याच फेरीत अव्वल मानांकित खेळाडूशी पडली तर त्यात कोणाचे कारस्थान नसते. मी हे मुद्दाम लिहितो, कारण तशी तक्रार दर दोन महिन्यांनी कानावर येते.

नावापुढील संक्षिप्त अक्षरांचे अर्थ आता पाहू. 'क्यू' म्हणजे पात्रता फेरी जिंकून आलेला. 'डब्ल्यूसी' म्हणजे वाइल्ड कार्ड, आयोजकांनी दिलेला थेट प्रवेश. 'एलएल' म्हणजे लकी लूझर, पात्रता फेरीच्या शेवटच्या टप्प्यात हरूनही कोणी माघार घेतल्यामुळे मुख्य फेरीत शिरलेला. लकी लूझरची नोंद करताना त्याचा पात्रता फेरीतील पराभवही लिहावा, नाहीतर पुढे वाचताना वाटते की हा खेळाडू अपराजित राहून मुख्य फेरीत आला.

'पुढे चाल' हा शब्द आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. खेळाडू कमी असल्यामुळे पहिल्या फेरीत समोर कोणीच नसते, त्याला 'बाय' म्हणतात. समोर खेळाडू होता पण तो सामना सुरू होण्याआधीच आजारपणाने किंवा अन्य कारणाने आला नाही, तो 'वॉकओव्हर'. वहीत हे दोन्ही शब्द वेगवेगळे लिहावेत. २४ जण असलेल्या ३२ च्या ड्रॉमध्ये आठ बाय असतात आणि ते आधी मानांकितांना जातात. आयटीएफच्या नियमानुसार बाय मिळवून दुसऱ्या फेरीत आलेला आणि तिथे पहिलाच सामना हरलेला खेळाडू गुणांच्या दृष्टीने पहिल्या फेरीत हरलेला धरला जातो. 'अंतिम १६ मध्ये धडक' अशी बातमी येते, सोमवारी गुण वाढत नाहीत, आणि मग संघटनेला दोष दिला जातो. मुलगी अंतिम १६ मध्ये बायमुळे पोहोचलेली असते, एवढेच.

तपासणी: ड्रॉमधून खेळाडूचा मार्ग बोटाने मागे नेत जावे आणि प्रत्येक फेरीत प्रत्यक्ष सामना झाला का ते पाहावे. ती फेरी गाठायला जेवढे विजय लागतात त्यापेक्षा प्रत्यक्ष जिंकलेले सामने कमी असतील तर कारण शेजारी लिहावे.

टप्पा ५: निकाल उतरवून घ्या

स्कोअर नेहमी विजेत्याच्या बाजूने लिहिलेला असतो. ४-६, ६-३, ७-६ (४) यातील पहिला सेट विजेत्याने गमावलेला आहे, आणि कंसातील ४ हे टायब्रेकमध्ये (सेट ६-६ असा बरोबरीत आल्यावरच्या निर्णायक गेममध्ये) हरलेल्या खेळाडूचे गुण आहेत. चौकोनी कंसात १०-७ असे दिसले तर तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा मॅच टायब्रेक खेळला गेला असे समजावे. दुहेरीत हे नेहमीचेच आहे. काही छोट्या स्पर्धांत आणि पात्रता फेऱ्यांत एकच लांब सेट खेळवला जातो, तिथे ९-५ असा स्कोअर पूर्ण सामन्याचा असतो. तो पाहून 'पुढचा सेट कुठे गेला' असे शोधत बसू नये.

सामना अर्धवट सोडला असेल तर स्कोअरपुढे 'रिटायर्ड' अशी नोंद असते. ६-२, १-० रिटायर्ड हा विजय आहे, पण त्यावरून त्या दोघांच्या ताकदीचा अंदाज बांधू नये.

वेळेचाही विचार करावा. आयटाच्या बहुतेक आठवडाभराच्या स्पर्धांत पात्रता फेरी शनिवार-रविवारी आणि मुख्य फेरी सोमवारपासून असते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडील स्पर्धांत सामने पहाटेपासून सकाळपर्यंत आणि पुन्हा सूर्य कलल्यावर होतात, त्यामुळे निकाल दोन हप्त्यांत येतात आणि दुपारी दिसणारा ड्रॉ अर्धाच भरलेला असतो. ग्रँडस्लॅममधील ज्युनियर सामन्यांसाठी तारखेची काळजी घ्यावी. मेलबर्नमध्ये जानेवारीत सकाळी ११ वाजता सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला असतो, पॅरिसमधील ११ चा दुपारी अडीचला, विम्बल्डनमधील ११ चा दुपारी साडेतीनला आणि न्यूयॉर्कमधील ११ चा रात्री साडेआठला. न्यूयॉर्कचा संध्याकाळचा निकाल आपल्या दुसऱ्या दिवशी येतो. वहीत तारीख स्पर्धास्थळाची लिहावी.

सावधान: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला स्कोअर पेन्सिलने आणि अधिकृत ड्रॉमध्ये दिसलेला स्कोअर पेनाने लिहावा. प्रशिक्षकही आनंदाच्या भरात चुकीचा सेट लिहून पाठवतात.

टप्पा ६: गुण मोजा, आणि गळणारे गुणही मोजा

आयटीएफची ज्युनियर क्रमवारी एकेरी आणि दुहेरी यांची एकत्रित असते. मागील ५२ आठवड्यांतील एकेरीचे सर्वोत्तम सहा निकाल अधिक दुहेरीच्या सर्वोत्तम सहा निकालांच्या गुणांचा चौथा भाग, अशी ती बेरीज आहे. सगळ्या स्पर्धांचे गुण बेरजेत धरणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. जे-३० मध्ये विजेत्याला ३०, उपविजेत्याला १८, उपांत्य फेरीत हरलेल्याला ९, उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्याला ५ आणि अंतिम १६ मध्ये हरलेल्याला २ गुण मिळतात. जे-६० मध्ये हेच आकडे ६०, ३६, १८, १० आणि ५ असे आहेत. आपल्या खेळाडूचे वर्षभरातील एकेरीचे आठ निकाल १८, १०, ९, ५, ५, ५, २ आणि २ असे आहेत. त्यातील वरचे सहा धरले की ५२ होतात, उरलेले दोन दोनाचे निकाल बाहेर राहतात. दुहेरीच्या सहा निकालांची बेरीज ४० असेल तर तिचा चौथा भाग १०, म्हणून एकूण ६२.

पुढच्या आठवड्यात ती जे-३० स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत जाते. तिला ५ गुण मिळतात, पण तिचा सहावा निकालही ५ चाच आहे, म्हणून एकूण ६२ च राहतात. घरी मात्र ६७ ची अपेक्षा असते. त्याऐवजी ती उपांत्य फेरीत गेली असती तर ९ गुण मिळून एक ५ बाहेर पडला असता आणि एकूण ६६ झाले असते. सुधारणा चार गुणांची, नऊची नव्हे.

आता समजा ती खरोखर उपांत्य फेरीत गेली आणि ६६ वर पोहोचली. त्याच्या पुढच्या सोमवारी तिच्या गेल्या वर्षीच्या उपविजेतेपदाचे १८ गुण ५२ आठवडे पूर्ण झाल्यामुळे गळून पडतात. उरलेल्या निकालांतील वरचे सहा म्हणजे १०, ९, ९, ५, ५, ५, त्यांची बेरीज ४३, दुहेरीचे १० मिळवून ५३. गुण १८ गेले, पण बाहेर बसलेला एक ५ आत आल्यामुळे घट १३ चीच झाली. चांगले खेळूनही क्रमांक का घसरला, याचे उत्तर जवळपास नेहमी येथे सापडते.

गळतीची तारीख काढण्याची रीत सोपी आहे. ५ जानेवारी २०२६ या सोमवारी सुरू झालेल्या स्पर्धेचे गुण १२ जानेवारी २०२६ च्या यादीत आले, तर ते ११ जानेवारी २०२७ च्या यादीतून जातील. ५२ आठवडे म्हणजे ३६४ दिवस, म्हणून तारीख एका दिवसाने मागे येते. गुण लिहितानाच हा रकाना भरावा. नंतर भरू म्हटले की तो कोराच राहतो.

सुरुवातीला उल्लेख केलेल्या पेढ्यांचे गणित आता सांगता येईल. आयटीएफच्या ज्युनियर स्पर्धांत खेळाडू ज्या वर्षी १८ वर्षांचा होतो त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत खेळू शकतो. २००८ मध्ये जन्मलेले सर्व खेळाडू २०२६ संपताच यादीतून बाहेर जातील आणि यादीच्या वरच्या भागात तेच दाटीने असल्यामुळे खालचे सगळे आपोआप वर सरकतील. परभणीच्या त्या मुलीचे गुण जेवढे डिसेंबरात होते तेवढेच जानेवारीत होते. म्हणून डिसेंबर आणि जानेवारी यांची तुलना क्रमांकावरून कधीही करू नये, गुणांवरून करावी.

यादीच्या तळाशीही क्रमांक फसवतो. तिथे मोजक्या गुणांवर खूप खेळाडू खोळंबलेले असतात, त्यामुळे दोन गुण मिळताच शेकडो जागा वर जाता येते. वर मात्र दोन गुणांनी काहीच हलत नाही.

आयटाच्या यादीचे गणित याच जातीचे असले तरी जसेच्या तसे नाही. तिथे यादीच्या रकान्यांची शीर्षके वाचावीत: एकेरीचे गुण, दुहेरीच्या सर्वोत्तम निकालांचा ठरावीक हिस्सा, उशिरा माघार घेतल्याबद्दल किंवा न येण्याबद्दल कापलेले गुण आणि अंतिम बेरीज. कापलेल्या गुणांचा रकाना लोक ओलांडून पुढे जातात. ताप आला म्हणून मुलगा गेला नाही आणि कोणी कळवलेही नाही, तर त्याची किंमत याच रकान्यात दिसते.

तपासणी: तुमची बेरीज आणि यादीतील बेरीज जुळत नसेल तर आधी बाय, मग सहावा निकाल, मग गळतीची तारीख, मग कापलेले गुण या क्रमाने पाहावे.

टप्पा ७: सोमवारी ताळा करा

आयटीएफची यादी सोमवारी येते. आयटाच्या यादीच्या माथ्यावर ती कोणत्या तारखेपर्यंतची आहे हे छापलेले असते. पीडीएफ उघडल्यावर नजर आधी तिथे जावी, कारण मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेली जुनी फाइल नवी समजून पाठवण्याचे प्रकार सर्रास होतात. फाइलचे नाव उतरवताच तारखेने बदलावे.

रविवारी रात्री स्पर्धा संपली आणि सोमवारी सकाळी गुण दिसले नाहीत तर लगेच आकांत करू नये. एक यादी पुढे जाऊ द्यावी. त्यानंतरही फरक राहिला तर स्पर्धेचे नाव, तारीख, ड्रॉची प्रत आणि नोंदणी क्रमांक जोडून संबंधित संघटनेला थोडक्यात लेखी कळवावे. फोनवर वाद घालून यादी बदलल्याचे मी पाहिलेले नाही.

खेळाडूचे निकाल ज्युनियर यादीतून अचानक दिसेनासे झाले तर तो खेळायचा थांबला असे गृहीत धरू नये. सोळा-सतरा वर्षांची मुले एम-१५ आणि मुली डब्ल्यू-१५ दर्जाच्या व्यावसायिक स्पर्धा खेळू लागतात, आणि तिथले गुण एटीपी (पुरुष) किंवा डब्ल्यूटीए (महिला) या व्यावसायिक संघटनांच्या क्रमवारीत जातात, ज्युनियर बेरजेत येत नाहीत. ज्युनियर क्रमांक घसरत असताना खेळाडू वरच्या पायरीवर चढत असू शकतो. अशा खेळाडूसाठी वहीत दुसरे पान उघडावे.

टप्पा ८: माहिती इतरांना देताना

ही मुले अल्पवयीन आहेत. क्रमवारीच्या यादीत जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक असतो, म्हणून अख्ख्या पानाचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या किंवा शाळेच्या ग्रुपवर टाकू नये. नाव, यादी, वयोगट, तारीख आणि क्रमांक एवढे हाताने लिहून पाठवावे. मुक्कामाचे ठिकाण आणि सामन्याची वेळ स्पर्धा चालू असताना तर मुळीच टाकू नये.

स्थानिक वार्ताहराला बातमी देताना स्पर्धेचा पूर्ण दर्जा, वयोगट, फेरी आणि स्कोअर लिहून द्यावा आणि 'मानांकन' व 'क्रमवारी' हे दोन शब्द कुठे कोणता वापरायचा तेही लिहून द्यावे. बातमी छापून आल्यावर तिचे कात्रण वहीत चिकटवण्यापूर्वी शेजारच्या नोंदीशी ताडून पाहावे आणि फरक आढळला तर कात्रणावरच पेनाने दुरुस्ती करावी. पुढील वर्षी शिष्यवृत्तीच्या किंवा निवडीच्या अर्जासाठी कोणीतरी हीच वही मागायला येते, आणि तेव्हा कात्रणावरचा चुकीचा स्कोअर अर्जात उतरतो.